कोऱ्या बाजूवर लिहिणाऱ्या दळवीबाई

सरकारी फॉर्मला मागची बाजू असते आणि ती कोरी असते, हे सहा वर्षं नोकरी करूनही माझ्या कधी लक्षात आलं नव्हतं. ते दळवीबाईंनी दाखवलं.

शिरूरला, म्हणजे जुन्या लोकांच्या घोडनदीला, त्या मुख्य सेविका म्हणून रुजू झाल्या तेव्हा बहात्तरचा दुष्काळ चांगलाच तापला होता. मी ग्रामसेवक. दोन मुलांचा बाप, पोट थोडं सुटलेलं, आणि दुपारची एस.टी. चुकू नये एवढी एकच महत्त्वाकांक्षा. प्रत्येक गावाच्या गरजांची यादी करा, असं फर्मान वरून दरवर्षी येई. त्याचा छापील फॉर्म होता आणि गावात काय काय नाही ते लिहायला त्यात बावीस रकाने होते. रस्ता नाही, दवाखाना नाही, समाजमंदिर नाही. मी हे फॉर्म कचेरीत बसूनच भरत असे. जे एका गावात नव्हतं तेच दुसऱ्या गावातही नव्हतं, मग उन्हात जायचं कशाला?

बाईंनी माझे नऊ फॉर्म शांतपणे वाचले, चष्मा काढून पदराला पुसला आणि विचारलं, "या गावांत माणसं आहेत का?"

"आहेत की."

"ती कुठल्या रकान्यात लिहिलीत?"

तसा रकाना नव्हता. बाईंनी फॉर्म उलटा केला, कोऱ्या बाजूवर वर लिहिलं 'काय काय आहे', आणि तो माझ्यापुढे सरकवला. मी बराच वेळ त्या कागदाकडे बघत बसलो. शेवटी मी 'मारुतीचं देऊळ' असं लिहिलं. बाई म्हणाल्या, "उद्या सकाळच्या गाडीने निघू."

त्या दिवसापासून माझी दुपारची एस.टी. कायमची चुकली.

बाई ठेंगण्या होत्या. पांढऱ्या सुती साडीला बोटभर काठ, पायात टायरच्या चपला आणि काखेत पुरुषी छत्री. दुसऱ्या हातात बिस्किटाचा पत्र्याचा डबा. एस.टी.त शेजारची माणसं त्या डब्याकडे आशेने बघत. त्यात रांगोळी असे. गावात गेलं की चावडीपुढची जागा झाडून घ्यायची, डबा उघडायचा आणि जमलेल्या माणसांना सांगायचं, "तुमचं गाव काढून दाखवा." पुरुष हसत. रांगोळी हे बायकांचं काम. मग कुणीतरी चिमूट उचलून शाळा काढी, दुसरा म्हणे शाळा तिथं नाही, आणि त्या भांडणात तासाभरात गाव तयार होई. मग बाई त्या गावातून चालत फिरत, अंगण सारवलेलं असावं तसा पाय जपून टाकत, आणि घराघराशी थांबून विचारत, इथे कोण राहतं आणि त्याला काय येतं.

उत्तर आलं की त्या म्हणत, "आणि?"

त्यांचा जेवढा छळ मी सोसला त्यातला निम्मा या एका शब्दाचा होता. माणूस म्हणे, आमच्याकडं काय न्हाई बाई. "आणि?" मग तो म्हणे, दोन शेळ्या हायेत. "आणि?" बायकोला बाजा विनता येत्यात. "आणि?" आवाज चढवायचा नाही, हसायचं नाही, पेन वर उचललेलं तसंच धरून ठेवायचं. माणसाला घाम फुटे आणि त्याला येत असलेल्या गोष्टी पहिल्यांदा त्याच्या स्वतःच्याच कानावर पडत.

एका गावात गेनू नावाचा गडी म्हणाला, "मला काय बी येत न्हाई. झोप तेवढी झ्याक येती."

बाईंनी लिहिलं, 'झोप उत्तम'.

परतताना मी विचारलं, याचा उपयोग काय. बाई म्हणाल्या, "दवाखान्यात आजाऱ्याच्या सोबतीला कोण टिकतं? जागरण करणारा दोन दिवसांत स्वतः आडवा होतो." पुढे त्या गावची एक म्हातारी दौंडच्या दवाखान्यात पडली तेव्हा गेनूला सोबत पाठवलं. तो खाटेखाली अकरा दिवस राहिला आणि वजन वाढवून आला. म्हातारीही बरी झाली, पण गावात कौतुक गेनूचं झालं.

कासुर्डीच्या पुढे हायवेला लागून एक वस्ती होती. पाण्याचा टँकर तिथं थांबायचा तो न थांबता भरधाव पुढे जाई. त्या वस्तीतली भागाबाई इतकी भांडखोर की तिचं नाव सांगायलाही लोक तयार नव्हते. बाईंनी तिच्या नावापुढे लिहिलं, 'आवाज फर्लांगभर', आणि तिला विचारून हायवेच्या कडेला उभं केलं. तिसऱ्या दिवसापासून टँकर थांबू लागला. महिन्याभराने ड्रायव्हरने दुसरा मार्ग मागून घेतला म्हणतात.

हे फॉर्म कचेरीत गेले की साहेब वैतागत. समोरची बाजू कोरी, मागची गच्च. "बाई, आपल्याला निधी गरजांवर मिळतो," ते सांगत. बाई म्हणत, "हो सर." आणि पुन्हा मागच्याच बाजूवर लिहीत. मला त्यांचा राग येई. त्यांच्यामुळे माझे नऊ फॉर्म परत आले होते.

ज्या गावाची गोष्ट सांगायची आहे त्याचं नाव लिहीत नाही. तिथल्या लग्नपत्रिका मला अजून येतात. शिरूर आणि दौंड यांच्या मधे, भीमेपासून आत, एका कोरड्या ओढ्याच्या काठी ते गाव. तिथल्या लोकांनी रांगोळीने गाव फार झकास काढलं. मारुती, तालीम, शाळा, माजी सरपंच आप्पांचा मळा, त्यातली विहीर, आप्पांचं बंद पडलेलं गुऱ्हाळ. दोन वर्षांमागे वाळून गेलेली चिंचसुद्धा काढली. शेवटी ओढ्याची रेघ ओढून त्यांनी हात झटकले.

बाई चालत चालत ती रेघ ओलांडून पलीकडे जाऊन उभ्या राहिल्या.

"मी कुठे उभी आहे?"

"गावाच्या भाईर, बाई."

"इथे काय आहे?"

"काय न्हाई. वड्याच्या पल्याड काय न्हाई."

बाई तिथंच उभ्या राहिल्या. मग एक म्हातारा म्हणाला, "म्हंजी तकडं बौद्धवाडा हाय की. पर त्यो..."

"पण तो काय?"

ओढ्यापलीकडच्या चाळीस घरांतला चुलीचा धूर चावडीवरून दिसत होता. खरं सांगतो, तो वाडा सुटला हे मलाही खटकलं नव्हतं. त्या गावाचा फॉर्म मी तीन वर्षं भरत होतो. आज ते आठवलं की शरम वाटते, तेव्हा मात्र ऊन फार झालंय एवढंच वाटलं होतं.

दुसऱ्या दिवशी बाई पलीकडे गेल्या. तिथं तुकाराम सोनवणे भेटले. दौंडला रेल्वेत तीस वर्षं फिटर होते, निवृत्त होऊन घरी आलेले. त्यांच्या बायकोने, शेवंताबाईंनी, गूळ घातलेला चहा दिला. सोनवणे तासभर बोलले. वाफेचं इंजिन आजारी पडलं की कुठल्या आवाजात सांगतं ते त्यांनी तोंडाने करून दाखवलं. बाईंना 'आणि?' म्हणावंच लागलं नाही. चावडीच्या भिंतीवर लावायच्या मोठ्या कागदावर, 'गावात काय काय आहे' या मथळ्याखाली, त्यांनी ठळक अक्षरात लिहिलं : 'तुकाराम सोनवणे, रेल्वेचे फिटर. कोणतंही इंजिन.' कागद चिकटवताना त्या खुशीत होत्या. मी पेस्टचं भांडं धरलं होतं, म्हणून पाहिलं.

पुढच्या पंधरवड्यात गावची विहीर आटली. टँकर चार दिवसांनी एकदा येई. लोक ओढ्यात खड्डे करून वाटीवाटीने गढूळ पाणी उपसू लागले आणि मुलांना जुलाब सुरू झाले. पलीकडच्या वाड्यात दोन पोरं अंथरुणाला खिळली, अलीकडे आप्पांचा नातू. आप्पांच्या मळ्यातल्या विहिरीला खोल तळाशी पाणी होतं आणि ते गावाला द्यायला आप्पा तयार होते, हे त्यांच्या बाजूने नोंदवलंच पाहिजे. पण विहिरीवरचं ऑइल इंजिन जाम झालं. शिरूरचा मेकॅनिक म्हणाला, माझ्याकडं तीस इंजिनं पडल्यात, पंधरा दिवस लागतील. पंधरा दिवसांत पोरांचं काय होईल ते सगळ्यांना कळत होतं.

तेव्हा कुणीतरी चावडीवरचा कागद वाचला.

आप्पांचा गडी ओढ्यापलीकडे जाऊन सांगून आला, "आप्पांनी बोलावलंय. हत्यारं घिऊन ये."

सोनवणे आले. हत्यारं आणली नाहीत. भर उन्हात रेल्वेचा निळा कोट गळ्यापर्यंत बटणं लावून घातला होता. मळ्यात न जाता ते थेट चावडीवर आले. बाई आणि मी तिथंच होतो.

"हे कुणी लिवलं?"

"मी," बाई म्हणाल्या.

"मला इचारलं व्हतं?"

"तुम्हीच सांगितलंत ना मला?"

"सांगितलं. घरी आलात, च्या घेतलात, म्हनून सांगितलं. भितीला लावा म्हनलो न्हाई." त्यांचा आवाज अगदी साधा होता. "ह्या गावानं मला कवा गावात धरलं न्हाई, बाई. परवा रांगोळी काढली त्यात बी न्हाई. आन् आज इंजान बंद पडलं, तर मी लगीच गावात काय काय हाय त्यात?"

जमलेली माणसं बाईंकडे बघू लागली. बाई उठल्या, पेन काढलं आणि ती ओळ शाईने पूर्ण खोडली. घाई न करता, एकेक अक्षर. मग वळून म्हणाल्या, "माझी चूक झाली. विचारायला हवं होतं."

सरकारी माणसाच्या तोंडून हे वाक्य मी तोवर ऐकलं नव्हतं. त्यानंतरही फारसं ऐकलेलं नाही. सोनवण्यांनी मान हलवली आणि ते निघून गेले.

गाव भडकलं. "आवो बाई, नाव खोडून बसलात, आता पानी कोन काडनार?" बाई म्हणाल्या, "मला माहीत नाही." आणि छत्री उघडून ओढ्याच्या वाटेला लागल्या. मागोमाग मी.

सोनवणे ओट्यावर बसले होते. बाईंनी विनवलं नाही. शेजारी बसल्या आणि छत्री मिटून मांडीवर ठेवली. शेवटी सोनवणेच म्हणाले, "रिंगा चिकटल्या आसतील पिस्टनच्या. रात्रभर राकेल मुरू द्यायचं, सकाळी खोलायचं. फार मोठं काम न्हाई."

"मग?"

"पानी वर आलं की जानार कुटं? चावडीच्या हौदात. आन् तिथं आमच्या हिनं काय करायचं? खाली हंडा ठिवून हुबं ऱ्हायाचं, कुनी वरनं वतंल तवा भरायचं." त्यांनी बायकोकडे पाहिलं. "मी इंजान चालू करायचं आन् हिनं वतून घ्यायचं. हे मला जमनार न्हाई."

आत एक पोर कण्हत होतं. शेवंताबाई म्हणाल्या, "पोरांसाठी तरी करा वो." त्या रडत होत्या. सोनवण्यांचे डोळे कोरडे होते. मला वाटलं बाई आता आश्वासन देतील. पण बाईंनी आयुष्यात कुणाला आश्वासन दिलं नाही. "मी विचारून येते," एवढं म्हणून त्या उठल्या.

आप्पा मळ्यात इंजिनाशेजारी बाजेवर बसले होते. मिशा पांढऱ्या, डोळे जागरणाने लाल. बाईंनी मागची बाजू कोरी असलेला एक फॉर्म काढला.

"आप्पा, तुमच्याकडे काय काय आहे?"

"ही काय येळ हाय का बाई?"

बाईंनी पेन वर धरून ठेवलं.

"हिर हाय," आप्पा म्हणाले.

"आणि?"

"इंजान हाय. बंद."

"आणि?"

"पाइप हाय हजार फूट. दोन ल्योक, दोन सुना, आजारी नातू." आप्पा चिडून उभे राहिले. "ती गुऱ्हाळातली काहील हाय, गंजतीया. बैल हायेत. समदं हाय!"

"आणि?"

आप्पा परत खाली बसले. नातवाकडून येणारी सून कुसुम बांधावर थांबून ऐकत होती. मग आप्पा म्हणाले, "फिटर न्हाई."

बाईंनी लिहिलं नाही. पेनाला टोपण लावलं आणि सोनवण्यांचं म्हणणं एक अक्षर इकडेतिकडे न करता सांगितलं.

संध्याकाळी आप्पा ओढा ओलांडून गेले. वय साठीचं, जन्म त्याच गावातला, चावडीपासून तो वाडा हाकेच्या अंतरावर. तरी सोनवण्यांचं घर कुठलं हे त्यांना एका मुलीला विचारावं लागलं. तिने बोट दाखवलं आणि सगळा वाडा दारात आला. सोनवण्यांनी खुर्ची दिली. आप्पा बसले. शेवंताबाईंनी चहा आणला. चाळीस घरांचे डोळे त्या कपावर होते. आप्पांनी एक घोट घेतला, थांबले, आणि म्हणाले, "गूळ जरा कमी पडला."

"दुष्काळ हाय," सोनवणे म्हणाले.

मग दोघं कामाचं बोलले. पाणी चावडीच्या हौदात न्यायचं नाही, ओढ्याच्या मधोमध सोडायचं, असं ठरलं. पण पडणार कशात? नवा हौद बांधायला सिमेंट नव्हतं. तेव्हा बाई पहिल्यांदा बोलल्या, "तुमची ती काहील." उसाचा रस उकळायची ती लोखंडी काहील, परातीसारखी उथळ आणि दोन बैलांच्या गोठ्याएवढी रुंद. गावाने किंवा वाड्याने तिच्यातून कधी पाणी प्यालेलं नव्हतं. शिवाय ती इतकी बुटकी, की तिच्यात वरून ओतणारा आणि खाली धरणारा असं काही जमलंच नसतं. ज्याला पाणी हवं त्याने वाकायचं.

दुसऱ्या दिवशी दहाच्या सुमाराला इंजिन सुरू झालं. सोनवण्यांनी हँडल मारलं, दोनदा खोकलं, तिसऱ्यांदा धरलं. काहिलीत पाणी पडू लागलं तेव्हा शेवंताबाई वाकल्या आणि आपल्या हाताने हंडा बुडवला. वाड्यातल्या बायका भरून गेल्या, दुसरी खेप भरून गेल्या. अलीकडच्या काठावर गावातल्या बायका रिकाम्या घागरी घेऊन उभ्या होत्या. कुणी हलेना. बारा वाजले. काहील भरून सांडायला लागली आणि पाणी वाळूत जिरू लागलं. ते मला बघवेना. मी बाईंना म्हणालो, तुम्ही सांगा ना त्यांना. बाई छत्रीखाली दगडावर बसल्या होत्या. म्हणाल्या, "बसा."

तीनच्या सुमाराला कुसुम खाली उतरली. सासऱ्यांकडे पाहिलं नाही, कुणाकडेच पाहिलं नाही. काहिलीशी जाऊन शेवंताबाईंना म्हणाली, "सरका जरा." शेवंताबाई सरकल्या. मग पाठोपाठ सगळ्याच उतरल्या आणि पाचाच्या आत जागेवरून तिथं नेहमीसारखं भांडणही झालं.

मुलं बरी झाली. तिन्ही.

बाईंच्या विरुद्ध अर्ज गेला. गावच्या पाणीवाटपात ढवळाढवळ केली, असं काहीसं त्यात होतं. त्यावर चार-सहा सह्या होत्या, आप्पांची नव्हती. पावसाळ्यापूर्वी बाईंची बदली जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला झाली. साहेब म्हणाले नेहमीचीच आहे, आणि असेलही. निरोप समारंभात त्यांना छत्री दिली. त्यांच्याकडे छत्री होती.

पुढच्या वर्षी पाऊस चांगला झाला. गावची विहीर भरली आणि निम्म्याहून जास्त गाव आपल्या विहिरीवर परत गेलं. वाडा काहिलीवर राहिला. हे लिहिलं नाही तर गोष्ट गोड होईल, पण खोटी होईल.

मला बाई शेवटच्या दिसल्या त्या त्यानंतर चारेक वर्षांनी, दौंड स्टेशनवर. मी साडूला सोडायला गेलो होतो. सोलापूरकडे जाणारी गाडी इंजिन बदलायला उभी होती आणि बायकांच्या डब्याच्या खिडकीत बाई. केस पांढरे झालेले. निवृत्त होऊन बहिणीकडे चालल्या होत्या. मी नमस्कार केला. माझ्या मुलांची विचारपूस न करता त्यांनी पहिला प्रश्न केला, "काहील आहे का?"

मी खरं ते सांगितलं. निम्म्याहून जास्त गाव परत गेलं म्हणालो. मला वाटलं त्यांचा चेहरा पडेल. पडला नाही.

"येतं कोण कोण? गावातलं. नावं सांगा."

मी आठवून सांगू लागलो. गवंड्याची आई. मास्तरांची बायको. तालमीशेजारचे दोघे भाऊ. बाई बोटांवर मोजत ऐकत होत्या. पुढे नवं इंजिन जोडलं गेलं, डब्यांना धक्का बसला.

"आप्पांच्या घरचं?"

इथं मी अडखळलो. आप्पांनी काहिलीवर जायला घरच्यांना मनाई केली होती. चारचौघांत टोमणे फार झाले, त्यांचा नाइलाज झाला असावा. मी तसं सांगितलं. गाडी हलली.

तेव्हा मला आठवलं आणि मी खिडकीबरोबर चालू लागलो. "बाई, कुसुम जाते!"

"मनाई आहे म्हणालात ना?"

"पाण्याला नाही जात! पाणी घरी नळाला आहे त्यांच्या!" मी आता पळत होतो, पोट सांभाळत. हमाल वाटेतून बाजूला होत होते. "दुपारी जाते, शेवंताबाईंच्या ओट्यावर. नुसती बसायला जाते!"

त्यांना ऐकू गेलं की नाही, ते मला कळेना. फलाट संपला आणि मी थांबलो. मग दिसलं की बाईंनी खिडकीतून आत वळून शेजारच्या अनोळखी बाईचा हात धरला होता आणि तिला काहीतरी भराभरा सांगत होत्या. ती बाई बिचारी पोळीचा घास हातात तसाच धरून ऐकत होती.